मार्सेयमध्ये अडीच दिवस: काय बघायचं, काय सोडायचं आणि उडीची जागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनच्या शेवटच्या आठवड्यात पॅरिसहून रेल्वेने मार्सेयला येताय, हातात अडीच दिवस, सोबत ७२ वर्षांच्या आई (गुडघे कुरकुरतात), १४ वर्षांचा मुलगा, घरात दोघं शाकाहारी. चुकवू नये असं काय, सोडलं तर चालेल असं काय, आणि सावरकरांनी उडी मारली ती जागा बघता येते का?

मी अठरा वर्षं ग्रुप घेऊन युरोपात फिरते. मार्सेयला किती वेळा गेले ते मोजणं सोडून दिलंय. तरी आधी एक सांगते. मनात नीससारखं नटवलेलं, फुलांच्या कुंड्यांचं समुद्रकिनारी गाव असेल तर ते चित्र पुसून टाका. मार्सेय आवाजी आहे, कळकट आहे, भिंती रंगवून ठेवलेल्या आहेत, रस्त्यात स्कूटर अंगावर येतात. माझ्या ग्रुपमधली निम्मी माणसं पहिल्या संध्याकाळी नाक मुरडतात आणि तिसऱ्या दिवशी त्यातलीच काही म्हणतात, अजून एक दिवस हवा होता. हे बंदर आहे, आणि इथे जे काही आलं ते बोटीने आलं: माणसं, तेल, रोगराई, सैनिक, कैदी. म्हणून मी हे गाव स्टेशनपासून नाही, पाण्यापासून दाखवायला सुरुवात करते.

नावाचंही सांगून टाकते. आपल्या पुस्तकांत 'मार्सेलिस' किंवा 'मार्सेल्स' छापलेलं असतं, तिथले लोक 'मार्सेय' म्हणतात. टॅक्सीवाल्याला 'मार्सेलिस' म्हणालात तरी समजेल, पण तो हसेल.

पॅरिसहून टीजीव्ही ही वेगवान रेल्वे साधारण सव्वातीन तासांत सें-शार्ल स्टेशनात आणून सोडते. स्टेशनासमोर १०४ पायऱ्यांचा भव्य जिना आहे, खाली सगळं शहर पसरलेलं दिसतं. फोटो काढा, पण बॅगा घेऊन तो जिना उतरू नका. स्टेशनाखालीच मेट्रो आहे, पहिल्या लाइनवर दुसरं स्टेशन व्ह्यू पोर, म्हणजे जुनं बंदर. हॉटेल त्याच्याच आसपास घ्या. चार पैसे जास्त जातील, पण आईंचे दिवसाचे दोन-तीन किलोमीटर वाचतील.

पहिला अर्धा दिवस फक्त जुन्या बंदरावर घालवा. इंग्रजी यू अक्षरासारखा समुद्राचा एक हात शहरात शिरलाय, तीन बाजूंनी धक्का, आत शेकडो होड्यांच्या डोलकाठ्या. धक्क्याच्या मधोमध वास्तुकार नॉर्मन फॉस्टरने २०१३ मध्ये उभारलेलं आरशासारखं चकचकीत स्टीलचं छत आहे. बारीक खांबांवर तोललेलं, खालून बघितलं की आपणच उलटे टांगलेले दिसतो. तुमचा मुलगा तिथे अर्धा तास काढेल. त्याच धक्क्यावर जमिनीत बसवलेली एक पाटी आहे: इसवी सनापूर्वी ६०० च्या सुमारास फोसियाचे ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले. फोसिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं फोचा. गोष्ट अशी सांगतात की त्या दिवशी इथल्या लिगुरियन राजाच्या मुलीचं, जिप्तिसचं, स्वयंवर होतं. हो, स्वयंवरच. माळेऐवजी पेला. ज्याच्या हातात ती पेला देईल तो नवरा. तिने जमलेल्या सगळ्यांना ओलांडून पाहुण्या ग्रीकाला, प्रोतिसला, पेला दिला आणि हुंड्यात हे बंदर आलं. खरंखोटं कोणास ठाऊक, पण आलेल्या परक्याला पोरगी देऊन टाकणारी गोष्ट एखादं गाव अडीच हजार वर्षं मिरवत असेल, तर त्या गावाचा स्वभाव कळतो.

सकाळी लवकर उठलात तर याच धक्क्यावर मासळीबाजार लागतो. ससून डॉक पाहिलेल्या माणसाला तो खेळण्यातला वाटेल हे आधीच सांगते. मोजकी निळी टेबलं, त्यांवर पाण्याच्या उथळ ट्रेमध्ये रात्री पकडलेले मासे, काही अजून शेपटी हलवणारे. पण बघण्यासारख्या आहेत त्या विकणाऱ्या बाया. रबरी बूट, कमरेला एप्रन, एका हाताने ऑक्टोपस उचलून तराजूत टाकतात आणि दुसऱ्या हाताने फोटो काढणाऱ्या पर्यटकाला बाजूला सारतात. भाव करायला जाऊ नका. मी एकदा गंमत म्हणून केला. ती बाई काय म्हणाली ते मला कळलं नाही, आजूबाजूच्यांना कळलं आणि ते खूप हसले.

बंदराच्या या काठावरून त्या काठावर एक छोटी फेरीबोट जाते, नगरपालिकेच्या इमारतीपाशी चढायचं आणि समोर उतरायचं. अंतर तीनशे मीटरही नाही. चालू असेल तर आईंना घेऊन नक्की बसा. चालणं वाचतं आणि पाण्यातून शहर दिसतं. बोटवाल्याने 'सार्डिनने बंदर बुजवलं' ही थाप सांगितली तर हसून घ्या. मार्सेयवाल्यांच्या थापा फ्रान्सभर प्रसिद्ध आहेत, पण हिच्या मुळाशी खरी घटना आहे. १७८० मध्ये 'सार्तीन' नावाचं जहाज हिंदुस्थानातून परतणाऱ्या फ्रेंच लोकांना घेऊन आलं आणि बंदराच्या तोंडाशीच बुडालं. वाट अडली. सार्तीनचं सार्डिन कधी झालं ते कुणालाच कळलं नाही.

आता एकच गोष्ट बघायला वेळ असेल तर कोणती? नोत्र-दाम द ला गार्द, डोंगरावरचं चर्च. शहराच्या कुठल्याही कोपऱ्यातून मान वर केली की ते दिसतं. मनोऱ्यावर अकरा मीटरपेक्षा उंच, सोन्याचा मुलामा दिलेली मेरी, कडेवर बाळ. लोक तिला 'बॉन मेर' म्हणतात, म्हणजे चांगली आई. आपल्याकडे 'आई गं' म्हणतात तसं तिथे काही हातातून पडलं, गाडी ठोकली, गोल हुकला की 'बॉन मेर!' डोंगर दीडशे मीटरचा. आईंना चढवू नका, जुन्या बंदरावरून ६० नंबरची बस थेट वर जाते. नाहीतर पर्यटकांची छोटी गाडी आहे. बस सोडल्यावरही थोड्या पायऱ्या आहेत, त्या मात्र दमाने.

इमारत १८६४ मध्ये पवित्र केली गेली, म्हणजे युरोपच्या हिशेबात फार जुनी नाही. बांधणीचं कौतुक मार्गदर्शक पुस्तकं करतीलच. मी माझ्या लोकांना आत नेऊन आधी वर बघायला सांगते. छतापासून दोऱ्यांनी टांगलेली लाकडी जहाजं दिसतात. शिडाची, वाफेची, एखादं विमानसुद्धा. ही सगळी नवसाची. वादळातून वाचलो तर तुला जहाज वाहीन, असं बोललेल्या खलाशांनी फेडलेले नवस. भिंतींवर संगमरवराच्या छोट्या पाट्या लावल्यात, कुठे नुसतं 'मेर्सी' आणि तारीख. चित्रंही आहेत: लाटेत आडवी झालेली होडी, खिडकीतून पडणारं पोर, आजारी माणसाची खाट, आणि प्रत्येक चित्रात एका कोपऱ्यात ढगातून बघणारी मेरी. चित्रकार कुणी मोठे नव्हते, हातपाय बेढब आलेत, पण घाबरलेल्या माणसाने काढून घेतलेली चित्रं आहेत ती. एका ट्रिपमध्ये कोल्हापूरच्या एक आजी तिथे बराच वेळ उभ्या होत्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हे कळलं. बाकी चर्चमध्ये काय बघायचं ते मला कळत नव्हतं." तुमच्या आईंनाही कळेल, असं मला वाटतं.

बाहेरच्या भिंतीवर गोळ्यांचे खड्डे आहेत, ऑगस्ट १९४४ चे. शहर जर्मनांकडून सोडवताना या डोंगरावर लढाई झाली, आणि वर चढून गेलेल्या फ्रेंच सैन्यात अल्जीरियाचे सैनिक होते. संध्याकाळी जा, पण चर्च बंद व्हायची वेळ आधी तपासा, नाहीतर आतलं हुकेल. जून अखेरीस सूर्य नऊ वाजून गेल्यावरच मावळतो, ऊन तिरपं होतं आणि समोरची बेटं एकेक वेगळी दिसायला लागतात.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येते. मराठी माणूस मार्सेयला आला की हे विचारतोच, आणि बहुतेक जण जुन्या बंदराकडे बोट दाखवून विचारतात, "इथेच ना?" इथे नाही. १९१० साली मोठ्या आगबोटी जुन्या बंदरात येतच नव्हत्या. त्यांच्यासाठी उत्तरेला जोलिएत भागापासून पुढे नवं बंदर, लांबच लांब धक्क्यांचं, एकोणिसाव्या शतकातच बांधलेलं होतं.

क्रम असा. १३ मार्च १९१० ला लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर सावरकरांना अटक झाली. १ जुलैला 'मोरिया' बोटीतून त्यांना हिंदुस्थानात न्यायला निघाले. ७ जुलैला बोट मार्सेयला लागली. ८ जुलैच्या सकाळी ते संडासात गेले, आतून दार लावलं आणि गोल खिडकीतून स्वतःला बाहेर काढून खाली पाण्यात झोकून दिलं. लहानपणापासून आपल्या मनात असतं ते चित्र म्हणजे खवळलेला समुद्र आणि मैलोगणती पोहणं. प्रत्यक्षात बोट धक्क्याला लागलेली होती, पोहायचं अंतर थोडंच. खरी शर्यत धक्क्यावर चढल्यानंतरची: अंगावर ओले, जेमतेम कपडे, पायाखाली अनोळखी गाव, भाषा येत नाही, मागे आरडाओरडा करणारे शिपाई. माझ्या मते यामुळे गोष्ट लहान होत नाही, उलट अंगावर येते. पुढे एका फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि फ्रेंच भूमीवर पकडलेला माणूस परत ब्रिटिशांच्या हवाली केला. यावरून फ्रान्सने ब्रिटनशी वाद घातला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. २४ फेब्रुवारी १९११ ला निकाल लागला: हवाली करण्यात अनियमितता झाली हे खरं, पण म्हणून ब्रिटनने कैदी परत करायला हवा असं नाही.

ती जागा बघता येते का? बंदराच्या कुंपणाआत जाता येत नाही, ते चालू बंदर आहे. कोर्सिका आणि अल्जीरियाच्या मोठ्या बोटी तिथून सुटतात. मी त्या बाजूला कधी सावरकरांच्या नावाची पाटी पाहिलेली नाही, त्यामुळे शोधत उन्हात फिरू नका. मी काय करते ते सांगते. जोलिएत मेट्रोपाशी 'तेरास द्यु पोर' नावाचा मॉल आहे. त्याच्या मागच्या बाजूला समुद्राकडे तोंड करून लांबलचक मोकळी गच्ची आहे, लिफ्टने जाता येतं, पैसे पडत नाहीत. तिथे कठड्याला टेकून उभं राहिलं की खाली थेट धक्का, बांधलेल्या बोटींची उंच पांढरी भिंत आणि गोल खिडक्यांची रांग. बोटीच्या खिडकीपासून पाण्यापर्यंतचं अंतर स्वतःच्या डोळ्यांनी मोजता येतं. माझे ग्रुप तिथे गप्प होतात. कुणी ना कुणी ती प्रसिद्ध कविता म्हणायला लागतं. म्हणू द्या, फक्त मुलाला सांगा की ती इथली नाही, आदल्या वर्षीची, इंग्लंडमधल्या ब्रायटनच्या किनाऱ्यावरची आहे.

जोलिएतहून परत येताना पट्ट्यापट्ट्यांचं अवाढव्य कॅथेड्रल लागतं, बाहेरून बघून पुढे चला. त्याच्या वरच्या अंगाला ल पानिए, शहराचा सगळ्यात जुना भाग. अरुंद गल्ल्या, जिने, दोरीवर कपडे, भिंतीभर चित्रं, आणि आता प्रत्येक तिसरं दुकान साबणाचं. तिथे व्हिएय शारिते नक्की बघा. सतराव्या शतकात गावातल्या भिकाऱ्यांना कोंडून ठेवायला बांधलेली इमारत. प्येर प्यूजे हा याच गावचा वास्तुकार. बाहेरून कोरी भिंत, आत शिरलात की फिक्या गुलाबी दगडाच्या तीन मजली कमानी आणि मधोमध लंबगोल घुमटाचं देऊळ. सौंदर्य सगळं आतल्या बाजूला, आणि आतले लोक बाहेर पडू शकत नव्हते. मला तिथे दरवेळी जरा विचित्र वाटतं. आता आत संग्रहालयं आहेत. अंगण बघितलं तरी पुरे.

पानिएच्या खालची, बंदरालगतची घरं मात्र सरळसोट, एकसारखी, नवी दिसतील. त्यामागे १९४३ आहे. त्या जानेवारीत जर्मनांनी फ्रेंच पोलिसांच्या मदतीने तो सगळा भाग रिकामा केला, सुमारे २०,००० लोकांना घराबाहेर काढलं आणि फेब्रुवारीत सुरुंग लावून तो सपाट केला. नगरपालिका आणि एखाददुसरी जुनी इमारत तेवढी ठेवली. चकाचक धक्क्यावर कॉफी पिताना हे सांगायला कुणी येत नाही, म्हणून सांगितलं.

इथून आईंच्या गुडघ्यांसाठी एक युक्ती. सगळे पर्यटक खालून सुरुवात करतात आणि चढत जातात. तुम्ही उलटं करा. पानिएच्या टोकाला सें-लोराँ चर्चपाशी या. तिथून एक पादचारी पूल थेट सें-जाँ किल्ल्याच्या वरच्या अंगाला नेतो. किल्ल्याच्या बागेत बसा, रोजमेरीचा वास येतो, समोर बंदराचं तोंड. मग ११५ मीटरचा काळा काँक्रीटचा पूल, कठड्याखेरीज काही नाही, खाली पाणी; तो म्यूसेम या संग्रहालयाच्या छतावर उतरतो. रुडी रिचोती या वास्तुकाराने २०१३ मध्ये बांधलेली ही इमारत काँक्रीटच्या जाळीत गुंडाळलेली आहे. आपल्याकडच्या दगडी जाळ्या आठवतील, फक्त नक्षीऐवजी समुद्राच्या पाण्यावरची हलती रेघ. दुपारी त्या जाळीच्या सावल्या जमिनीवर पसरतात. जाळीच्या आतून उतरता रस्ता इमारतीभोवती खाली जातो, किंवा लिफ्ट घ्या. एकही चढ न चढता खाली. छत, बाग, पूल, उतार हे सगळं फुकट. तिकीट फक्त आतल्या प्रदर्शनांना. मंगळवारी म्यूसेम बंद, आणि महापालिकेची बाकी संग्रहालयं सोमवारी, एवढं लक्षात ठेवा.

शेजारीच कॉस्केर गुहेची प्रतिकृती आहे. मुलासाठी करा. मूळ गुहेचं तोंड समुद्राखाली ३७ मीटरवर आहे. पट्टीचा पाणबुड्या ऑन्री कॉस्केरने ती शोधली, १९९१ मध्ये जगाला कळली. आत हाताचे ठसे, घोडे, आणि पेंग्विनसारखे दिसणारे पक्षी रंगवलेले आहेत, काही २७,००० वर्षांपूर्वीचे. चित्रं काढली तेव्हा समुद्र खूप मागे होता, मग पाणी वर आलं. मूळ गुहा आपल्याला कधीच बघता येणार नाही आणि तीही हळूहळू बुडतेय, म्हणून ही नक्कल मला पटते. एरवी नकली गुहांच्या मी विरोधात आहे.

शातो दीफ, म्हणजे समोरच्या बेटावरचा किल्ला. ड्यूमाच्या 'काउंट ऑफ माँते क्रिस्टो' मुळे गर्दी. जुन्या बंदरावरून बोटीने वीसेक मिनिटं. तिथे कादंबरीतल्या नायकाची कोठडी दाखवतात, भोकासकट, आणि लोक भक्तिभावाने बघतात. नायक काल्पनिक आहे हे कुणाला सांगायची हिंमत होत नाही. पण मला त्या बेटावर आठवतो तो गेंडा. गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजाने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. युरोपने हजारभर वर्षांत जिवंत गेंडा पाहिला नव्हता. जर्मन चित्रकार ड्युररने त्याला न पाहताच, नुसत्या वर्णनावरून आणि एका रेखाटनावरून, ते चिलखत घातल्यासारखं प्रसिद्ध चित्र कोरलं. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपला पाठवला, आणि वाटेत १५१६ च्या सुरुवातीला मार्सेयसमोरच्या या बेटावर उतरवला. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम त्याला बघायला आला. किल्ला बांधायला नंतर काही वर्षांनी घेतला. म्हणजे या बेटाचा पहिला मानाचा पाहुणा गोव्याहून आलेला. बिचारा पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला, साखळदंड बांधलेला होता.

बोटीचं तिकीट मात्र आदल्या रात्री वाऱ्याचा अंदाज बघून ठरवा. इथे मिस्त्राल नावाचा उत्तरेचा वारा आहे. आकाश निळंशार, ऊन लख्ख, आणि वारा असा की बोलणं ऐकू येत नाही. एकदा २६ जणांना घेऊन निघाले, बोट बेटापर्यंत गेली आणि धक्क्याला लागूच शकली नाही. दोघांनी टोप्या गमावल्या, एका काकांनी नाश्ता. तेव्हापासून मी किल्ला पहिल्या पूर्ण दिवशी ठेवते, म्हणजे हुकला तर दुसऱ्या दिवशी जमवता येतो. बेटावर पायऱ्या ओबडधोबड आहेत. आईंना नको वाटलं तर त्याच बोटीने पुढच्या फ्रियूल बेटांवर जाऊन धक्क्यावर बसू द्या. ही बेटं पूर्वी संशयित जहाजं थांबवून ठेवायची जागा. १७२० मध्ये पूर्वेकडून कापड घेऊन आलेल्या एका जहाजाला नियम वाकवून सूट मिळाली, कापड जत्रेत विकायचं होतं आणि मालकांत गावातले वजनदार लोक होते. कापडाबरोबर प्लेग उतरला, आणि सुमारे ९०,००० वस्तीच्या शहरातली जवळपास निम्मी माणसं गेली.

मुलाला दगदग हवी असेल तर कालांक: शहराच्या दक्षिणेला पांढऱ्या चुनखडीचे कडे आणि त्यांत घुसलेले निळेहिरवे खाजणासारखे फाटे. २०१२ पासून राष्ट्रीय उद्यान. उन्हाळ्यात वणव्याच्या धोक्यामुळे वाटा अचानक बंद करतात, त्यामुळे सकाळी तपासूनच निघा, आणि सुजितों या फाट्याला उन्हाळ्यात आधी नोंदणी लागते. ती फुकट असते, पण नसेल तर परत पाठवतात. आईंसाठी जुन्या बंदरावरून बोटीची फेरी पुरेशी आहे. पोहायला उतरलात तर दचकू नका: मिस्त्राल दोन दिवस वाहिला की वरचं कोमट पाणी खोल समुद्राकडे ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं. जूनमध्येही दात वाजतात.

अर्धा दिवस उरलाच, आणि घरात कुणाला बांधकामाची आवड असेल, तर चंदीगड आखणाऱ्या कॉर्ब्युझिएची इमारत बघा. १९५२ मध्ये पूर्ण झालेली, खांबांवर उभी, ३३७ घरं, मधल्या मजल्यावर दुकानांची गल्ली, गच्चीवर मुलांसाठी उथळ तलाव. मार्सेयवाले तिला 'वेड्याचं घर' म्हणायचे. चंदीगडचं कॅपिटॉल संकुल आणि ही इमारत २०१६ मध्ये एकाच यादीतून जागतिक वारसा झाल्या. त्याच दिशेला पुढे माझार्गचं युद्ध-कब्रस्तान. सप्टेंबर १९१४ पासून हिंदुस्थानी फौजा याच बंदरात उतरल्या, त्यांत खडकीच्या सॅपर्सच्या, म्हणजे फौजेतल्या इंजिनिअरांच्या, तुकड्याही होत्या. मग इथून त्या उत्तर फ्रान्समधल्या खंदकांच्या चिखलात गेल्या. माझार्गला हिंदुस्थानी सैनिकांचं स्मारक आहे, १९२५ मध्ये उघडलेलं. लांब आहे, गर्दी नसते, नावं वाचत फिरावं लागतं. वेळ नसेल तर मी आग्रह धरणार नाही, पण ज्यांच्या घरात कुणी फौजेत होतं ते लोक तिथून लवकर निघत नाहीत.

लाँशां राजवाडा, फुटबॉलचं मैदान, प्रादोची वाळू: सोडा. जवळच्या एक्स किंवा कासी या गावांना धावती भेट द्यायचा मोह होईल, तोही सोडा.

जेवण. बुयाबेस हा इथला माशांचा मानाचा पदार्थ. तुमच्या घरातल्या मासेखाऊंना सांगा की खरा बुयाबेस दोनदा वाढतात, आधी रस्सा, मग वेगळ्या ताटात मासे, आणि माणशी साठ-सत्तर युरोच्या खाली तो होत नाही. बंदरावरच्या एका हॉटेलात स्वस्तात मिळतोय म्हणून आम्ही बसलो आणि पुढ्यात पातळ केशरी सूप आलं. शाकाहाऱ्यांसाठी इथला खरा शोध म्हणजे पानिस. हरभऱ्याच्या पिठाचं घट्ट पिठलं थापून, गार करून, चकत्या कापून तळतात. मीठ-मिरपूड भुरभुरवून कागदात देतात. आई खूश होतील, फक्त 'मोहरी-हिंगाची फोडणी हवी होती' म्हणतील. पिझ्झा सगळीकडे चांगला, पण इथे त्यावर ॲन्चोवी हे खारे मासे न सांगता घालतात, तेव्हा 'साँ ज़ॉश्वा' हे दोन शब्द पाठ करून ठेवा. नोआयच्या बाजारात उत्तर आफ्रिकी खाणावळी आहेत. भाज्यांचा कुसकुस मागितला तरी रस्सा मटणाचा असू शकतो, आधी विचारा. नाव्हेत म्हणजे होडीच्या आकाराची, संत्र्याच्या फुलांच्या वासाची बिस्किटं. कडक इतकी की चहात बुडवल्याशिवाय आईंनी दातांशी खेळू नये.

साबण घेणारच तुम्ही, सगळे घेतात. जांभळ्या, गुलाबी, सुवासिक वड्या म्हणजे पर्यटकांचा साबण. खरा मार्सेय साबण दिसायला अगदी गरीब: हिरवट-तपकिरी किंवा पांढरा घनाकृती ठोकळा, बाजूंवर ठसा आणि त्यात ७२ टक्के तेलाचा आकडा. हिरवा ऑलिव्ह तेलाचा. वास आपल्या धुण्याच्या बारसारखाच येतो, आणि घरी आणल्यावर नणंद म्हणते, एवढ्या लांबून हे आणलंस?

खिसेकापूंपासून जपा, विशेषतः मेट्रोच्या दारात आणि नोआयच्या गर्दीत. पासपोर्ट हॉटेलात, झेरॉक्स जवळ. समजा गेलाच, तर फेब्रुवारी २०२५ पासून मार्सेयमध्ये भारताचा वाणिज्य दूतावास आहे, आता पॅरिसला धावायला लागत नाही.

म्हणजे पहिली संध्याकाळ जुनं बंदर. दुसऱ्या दिवशी सकाळी मासळीबाजार आणि वारा नसेल तर बेट, दुपारी झोप, संध्याकाळी डोंगरावरचं चर्च. तिसऱ्या दिवशी सकाळी जोलिएतची गच्ची, मग पानिए, पूल, म्यूसेम आणि मुलाची गुहा. गच्चीवर जायचं ते मॉल उघडल्या उघडल्या. तेव्हा सूर्य पाठीशी असतो, धक्का नीट दिसतो आणि बाकं रिकामी असतात, आईंना बसता येईल.